लोणारचा खार व संयुगांची कथा

उन्हाळा लागला म्हणजे वऱ्हाडांतील घरोघर पापडांचा घाट घातला जातो. पीठ भिजवितांना घरांतील वडील बाई डब्यांतून पापडखार काढते. तो कमी पडला तर पापड फुलणार नाहीं आणि अधिक झाला तर तोंडाची चव जाईल, हें ती कोणत्याहि पुस्तकावांचून जाणते. खाराच्या डब्याशेजारींच मिठाचा डबा असतो. दोन्ही पदार्थ पांढरे, दोन्ही पाण्यांत विरघळणारे. तथापि खारावर लिंबू पिळलें तर तो फसफसतो आणि मीठ मात्र निमूटपणें ओलें होतें. असें कां व्हावें? या दोन डब्यांत एकच धातु दडलेला आहे, फक्त त्याचे सोबती निराळे आहेत, हें सांगितलें तर कित्येकांस तें खरें वाटणार नाहीं. परंतु हीच साधी गोष्ट समजून घेण्यास मनुष्यजातीला अठराव्या शतकाची अखेर गांठावी लागली.

मूलद्रव्यें एकमेकांशीं कशीं जुळतात, कोणत्या प्रमाणांत जुळतात, आणि जुळलेलीं पुन्हां कां फुटतात, या प्रश्नांचा इतिहास सामान्यतः पॅरिस, लंडन व स्टॉकहोम येथील प्रयोगशाळांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो तसा सांगण्यांत चूक नाहीं. पण त्या इतिहासांतील एक महत्त्वाचें पान प्रयोगशाळेंत लिहिलें गेलें नसून मिसर देशांतील एका खाऱ्या तळ्याच्या कांठीं लिहिलें गेलें आहे. त्याच जातीचें एक तळें आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत, मेहकरच्या दक्षिणेस, हजारों वर्षें पडून आहे. म्हणून ही कथा लोणारच्या कांठीं उभें राहून सांगावी, असा आमचा विचार आहे.

लोणारचें सरोवर म्हणजे काळ्या दगडाच्या पठारांत पडलेली एक प्रचंड वाटी. तिचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर, आणि कांठापासून तळापर्यंतची खोली सुमारें दीडशें मीटर. कांठावरील धारेचें पाणी गोड, इतकें गोड कीं यात्रेकरू तेथें स्नान करतात व तें तीर्थ म्हणून पितात. तेंच पाणी खालीं उतरून सरोवरास मिळालें कीं तोंडांत धरवत नाहीं. पुराणकथा सांगते कीं येथें लवणासुर नांवाचा दैत्य राहात होता व विष्णूनें त्याचा वध केला. गांवांतील दैत्यसूदनाचें देवालय याच कथेची साक्ष देत उभें आहे. ‘लवण’ हा शब्द दैत्याच्या नांवांत आहे, आणि गांवाच्या नांवांतहि आहे. ज्या लोकांनीं ही कथा रचिली त्यांस या पाण्याचा गुण चांगला ठाऊक होता, एवढें तरी तीवरून म्हणतां येतें.

लिखित इतिहासाकडे वळलें तर अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत, लोणारचा उल्लेख आहे. ब्राह्मण या क्षेत्रास विष्णुगया म्हणतात, येथें कांच व साबण यांस लागणारें द्रव्य निघतें, आणि त्यावरील करापासून सरकारास बरें उत्पन्न होतें, असें तो सांगतो. बादशहाच्या दप्तरांत एखादें सरोवर नोंदलें जातें तें त्याच्या सौंदर्यासाठीं क्वचितच. १८२३ सालीं जे. ई. अलेक्झांडर नांवाचा इंग्रज अधिकारी येथें आला. त्याच्या लेखानंतर युरोपीय अभ्यासकांचें लक्ष या स्थळाकडे गेलें. पुढें १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत दिला व लोणारचा खार नव्या सरकारच्या कागदपत्रांत आला.

या कागदपत्रांतील एक गोष्ट फार विचार करण्याजोगी आहे. लोणारचे लोक सरोवरांतून निघणाऱ्या पदार्थास नुसता ‘खार’ म्हणून थांबत नसत. ते त्याच्या जाती ओळखीत, आणि प्रत्येक जातीस निराळें नांव देत. दल्ला, निमक-दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं तीं नांवें होतीं. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे मजूर चिखलांत व उथळ पाण्यांत उतरत, तळाशीं बसलेले खाराचे थर फोडून वर काढीत व कांठावर वाळवीत. हें काम सुखाचें नव्हे. वरून ऊन, खालीं उग्र वासाचा काळा चिखल, आणि हातापायांची कातडी खाणारें पाणी. निवडलेल्या मालाचा भाव जातीप्रमाणें ठरे, कारण प्रत्येक जातीचा उपयोग निराळा होता. कोणता खार साबण करणाराकडे, कोणता कांचेच्या बांगड्या करणाराकडे, कोणता रंगाऱ्याकडे जावयाचा, हें व्यापाऱ्यांस ठाऊक असे. ज्या खारांत मीठ अधिक त्याचें नांवच निमक-दल्ला. म्हणजे एकाच तळ्यांतून एकाच ऋतूंत निरनिराळे पदार्थ वेगळे पडतात, हा रसायनशास्त्रांतील महत्त्वाचा सिद्धांत लोणारच्या मजुरास हाताच्या अनुभवानें अवगत होता. त्याच्यापाशीं नव्हतें तें एवढेंच, कीं हे पदार्थ वेगळे कां पडतात याचें उत्तर.

तें उत्तर कसें मिळालें तें आतां पाहूं.

प्राचीन काळापासून खार दोन प्रकारचे मानले जात. एक लाकडाच्या राखेपासून निघणारा, दुसरा जमिनींतून अगर तळ्यांतून निघणारा. ते एक कीं दोन, आणि त्यांचा मिठाशीं कांहीं संबंध आहे कीं नाहीं, याविषयीं कोणासच निश्चित सांगतां येत नसे. १७३६ सालीं दुहामेल या फ्रेंच पंडितानें दाखविलें कीं समुद्राच्या मिठाचा मूळ आधार व खनिज खाराचा मूळ आधार हे एकच आहेत. पुढें १७५६ सालीं स्कॉटलंडांतील जोसेफ ब्लॅक यानें सिद्ध केलें कीं सौम्य खार व दाहक खार यांतील भेद एका वायूमुळें होतो. तो वायु सौम्य खारांत बद्ध होऊन राहतो. लिंबू पिळल्यावर पापडखारांतून जो फसफसून बाहेर पडतो तोच हा. पुढें लाव्हाझिए यानें हा वायु म्हणजे कोळसा व प्राणवायु यांचें संयुग होय असें ठरविलें. राहिला तो खाराचा मूळ आधार. १८०७ सालीं लंडनमध्यें हम्फ्री डेव्ही यानें वितळलेल्या दाहक खारांतून विजेचा प्रवाह सोडला, आणि एक चकचकीत धातु हातीं आला. तो सुरीनें कापतां येण्याइतका मऊ, पाण्यावर तरंगण्याइतका हलका, आणि पाण्याचा स्पर्श होतांच सळसळत धांवणारा. त्यास सोडियम हें नांव मिळालें.

आतां आपल्या स्वयंपाकघरांतील दोन डब्यांकडे पुन्हां पाहूं. मीठ म्हणजे हा सोडियम व क्लोरीन वायु यांचें संयुग. याच क्लोरीन वायूनें पहिल्या महायुद्धांत, १९१५ च्या एप्रिलमध्यें, ईप्र येथील खंदकांतल्या सैनिकांचे प्राण घेतले. खार म्हणजे तोच सोडियम, कोळशाचें मूलद्रव्य जो कर्ब तो, आणि प्राणवायु यांचें संयुग. पाण्यावर पेटणारा धातु आणि श्वास कोंडणारा वायु एकत्र आले कीं त्यांपासून पानांत वाढण्याचें मीठ होतें. मिश्रणांत घटकांचे गुण कायम राहतात. ज्वारींत वाळू मिसळली तर ज्वारी ज्वारीच राहते व वाळू वाळूच राहते, आणि सुपानें पाखडून दोन्ही वेगळ्या करतां येतात. संयुगांत मात्र घटकांचे जुने गुण लोपून तिसरेंच कांहीं जन्मास येतें, आणि तें कोणत्याहि सुपानें पाखडतां येत नाहीं. मिश्रण व संयुग यांतील भेद तो हाच.

दुसरा भेद प्रमाणाचा. मिश्रण आपण वाटेल त्या प्रमाणांत करूं शकतों, पण संयुग तसें होत नाहीं. शुद्ध मिठाच्या शंभर भागांत सोडियम ३९.३ भाग व क्लोरीन ६०.७ भाग असावयाचा. मग तें मीठ समुद्राचें असो, सांभर तळ्याचें असो कीं लोणारचें असो. पूर्ण कोरड्या शुद्ध खाराच्या शंभर भागांत सोडियम ४३.४, कर्ब ११.३ व प्राणवायु ४५.३ हें प्रमाण ठरलेलें. हा नियम अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रूस्त या फ्रेंच रसायनज्ञानें मांडला. त्याचें कारण इंग्लंडांतील जॉन डाल्टन यानें १८०८ सालच्या आपल्या ग्रंथांत परमाणूंच्या कल्पनेनें सांगितलें. परमाणूंचे तुकडे होऊन ते जुळत नाहींत, ते पुरतेच जुळतात, म्हणून प्रमाण निश्चित राहतें.

येथपर्यंत ‘काय’ आणि ‘किती’ यांचा उलगडा झाला. राहिला तो ‘कां’ व ‘केव्हां’. एका पदार्थाचें दुसऱ्यावर अधिक आकर्षण आणि तिसऱ्यावर कमी, असें कां असावें? साबण करणाराचा अनुभव घ्या. तो खाराच्या पाण्यांत विझविलेला चुना कालवितो. चुना खारांत बद्ध झालेला वायु ओढून घेतो व त्याची खडू होऊन तळाशीं बसते. वर उरतें तें दाहक पाणी, आणि तें तेलाबरोबर शिजविलें म्हणजे साबण होतो. यावरून अठराव्या शतकांतील पंडितांस वाटलें कीं द्रव्यांच्या या आकर्षणांत एक ठाम श्रेणी आहे. १७१८ सालीं जोफ्रुआ यानें अशा आकर्षणांचें पहिलें कोष्टक तयार केलें, आणि १७७५ सालीं स्वीडनच्या बर्गमन यानें तें फार विस्तृत केलें. या कोष्टकांत जो वर तो बलवान्, जो खालीं तो दुर्बल. बलवानानें दुर्बलास त्याच्या सोबत्यापासून हुसकून द्यावें हा नियम, आणि त्यास अपवाद नाहीं. मूलद्रव्यांच्या राज्यांत जणूं वर्णव्यवस्थाच स्थापन झाली होती, व ती कायमची आहे असें सर्व मानीत होते.

ही श्रद्धा ढळली ती मिसर देशांत. १७९८ सालीं बोनापार्टनें मिसरवर स्वारी केली, तेव्हां सैन्याबरोबर विद्वानांचा एक तांडाहि नेला. त्यांत क्लोद बेर्तोले हा रसायनज्ञ होता. कैरोच्या वायव्येस वाळवंटांत कांहीं खारीं तळीं आहेत. तेथील खार मिसरी लोक प्रेतें टिकविण्यासाठीं फार प्राचीन काळापासून वापरीत. बेर्तोले तेथें गेला व कांठावर बसलेले खाराचे थर पाहून थबकला. त्या तळ्यांत मीठ होतें आणि भोंवतालची जमीन चुनखडीची होती. कोष्टकाप्रमाणें पाहिलें तर चुन्याचें क्लोरीनयुक्त लवण व खार हीं एकत्र आलीं म्हणजे खडू व मीठ झालें पाहिजे. प्रयोगशाळेंत तसें होतेंहि. येथें मात्र उलट घडलेलें दिसत होतें. मीठ व चुनखडी यांपासूनच खार झालेला! प्रयोगशाळेंत ज्या वाटेनें जें जातें, तें वाळवंटांत त्याच वाटेनें उलट कसें आलें?

बेर्तोलेनें उत्तर दिलें तें असें. आकर्षण हें एकटें निकाल देत नाहीं. कोणता पदार्थ किती राशींत हजर आहे, उष्णता किती आहे, उत्पन्न झालेला पदार्थ जागेवर राहतो कीं वर येऊन, वाळून, अगर झिरपून निघून जातो, या सर्वांवर निकाल अवलंबून असतो. येथें चुनखडी अपार आहे, झालेला खार कांठावर फुलून येऊन बाजूस पडतो, व दुसरें लवण जमिनींत मुरून जातें. म्हणून दुर्बल बाजूसहि जय मिळतो. हा विचार त्यानें प्रथम कैरो येथील फ्रेंच विद्वत्सभेपुढें मांडला, व पुढें १८०३ सालच्या ग्रंथांत विस्तारानें सिद्ध करण्याचा प्रयत्न केला.

या प्रयत्नांत तो एक पाऊल अधिक पुढें गेला. परिस्थितीप्रमाणें क्रियेची दिशा बदलते एवढेंच न म्हणतां, संयुगांतील घटकांचें प्रमाणहि परिस्थितीप्रमाणें बदलतें, असें त्यानें प्रतिपादिलें. यावर प्रूस्तचा व त्याचा कित्येक वर्षें वाद चालला. शास्त्रीय वादांत सहसा न आढळणारा सभ्यपणा त्या दोघांनींहि राखला, आणि प्रमाणाच्या प्रश्नावर प्रूस्तचा पक्ष खरा ठरला. परंतु त्या पराभवाच्या धुळींत बेर्तोलेचें खरें म्हणणेंहि अर्धशतक पडून राहिलें. १८६४ सालीं नॉर्वेंतील गुल्डबर्ग व वॉगे या दोघांनीं राशींचा नियम गणिताच्या भाषेंत मांडला, तेव्हां कोठें त्याचें महत्त्व जगास कळलें. मिसरी तळ्यांतील सोड्याची उत्पत्ति पुढील संशोधकांनीं निराळ्या रीतीनें, विशेषतः सूक्ष्मजीवांच्या कार्यानें, सांगितली आहे. म्हणजे ज्या उदाहरणावरून बेर्तोलेस सिद्धांत सुचला तें उदाहरण कदाचित् तसें नव्हते, पण सिद्धांत मात्र टिकला. शास्त्राच्या इतिहासांत असें पुष्कळदां घडतें.

या वादाचें सार दोन वाक्यांत सांगतां येईल. काय जुळतें याचें प्रमाण निश्चित असतें. केव्हां व कोणत्या दिशेनें जुळतें हें मात्र परिस्थितीवर असतें. लोणारचें सरोवर या दोन्ही वाक्यांचें भाष्य आहे.

तें भाष्य वाचावयाचें तर कांठावरचा काळा दगड हातीं घ्यावा लागेल. दख्खनचें पठार ज्या लाव्हारसानें सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं घडलें, त्याचाच हा दगड. त्यांत सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह हीं मूलद्रव्यें सिलिका व प्राणवायु यांशीं बांधलेलीं आहेत. हा बांध इतका घट्ट कीं दगड पाण्यांत विरघळत नाहीं. परंतु पावसाचें पाणी आकाशांतून व जमिनींतून येतांना कर्बवायु शोषून घेतें व किंचित् आम्ल होतें. हें आम्ल अत्यंत दुर्बळ असतें. तरी तें प्रतिवर्षीं येतें, आणि त्यास वेळेची वाण नाहीं. तें दगडांतील सोडियम व कॅल्शियम हळूहळू सोडवून घेतें. मागें चिकण माती राहते, आणि पाण्याबरोबर कर्बयुक्त लवणें खालीं उतरतात. बेर्तोलेच्या सिद्धांतास याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण. दुर्बळ आम्ल बलवान् दगडास जिंकतें तें राशीच्या व काळाच्या बळावर.

ही क्रिया साऱ्या महाराष्ट्रांत चालूच आहे. पैनगंगा व पूर्णा याच लवणांचा अंश वाहून नेतात, व अखेर तो समुद्रास मिळतो. मग खारें सरोवर फक्त लोणारासच कां? कारण लोणारच्या वाटीस बाहेर जाण्याची वाट नाहीं. आंत आलेलें पाणी फक्त उन्हानें वर जातें, आणि लवणें मागें राहतात. पाणी आटूं लागलें कीं त्यांत प्रथम जें कमी विरघळतें तें बाहेर पडतें. हा मान चुनखडीचा. ती तळाशीं बसतांना आपल्या कॅल्शियमच्या वांट्याचा कर्बभाग घेऊन जाते. पण पाण्यांत कर्बभाग कॅल्शियमपेक्षां अधिक असतो. उरलेला कर्बभाग सोडियमच्या पदरीं पडतो, आणि पाणी दिवसेंदिवस अधिक क्षारयुक्त होत जातें. त्याबरोबर मीठहि सांचतें. अखेर उन्हाळ्याच्या कडाक्यांत एक एक लवण आपापल्या विद्राव्यतेप्रमाणें बाहेर पडूं लागतें. जें मजुरानें दल्ला, खुप्पल, निमक-दल्ला म्हणून वेगळें ओळखलें, तें या क्रमाचेंच फळ. प्रत्येक स्फटिकांतील घटकांचें प्रमाण प्रूस्तच्या नियमानें बांधलेलें, आणि तो स्फटिक केव्हां पडेल हें बेर्तोलेच्या नियमानें बांधलेलें.

ही वाटी मुळांत कशी झाली, हा प्रश्न निराळा आहे, पण तोहि या विषयास सोडून नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील बहुतेक अभ्यासकांनीं तिला ज्वालामुखीचें तोंड मानिलें. १८९६ सालीं अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ गिल्बर्ट यानें ॲरिझोनांतील विवराशीं तिचें साम्य दाखविलें. १९१२ सालीं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकांत ला टूश व क्रिस्टी यांनीं सरोवराच्या भूरचनेवर व खारावर लेख लिहिले. अखेर १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें हें विवर अशनीच्या आघातानें झालें याचा भक्कम पुरावा पुढें आणिला. त्या पुराव्यांत मॅस्केलिनाइट नांवाची एक कांच होती. तिच्यांतील मूलद्रव्यें व त्यांचें प्रमाण भोंवतालच्या दगडांतील फेल्स्पार या खनिजाप्रमाणेंच असतें. फक्त परमाणूंची स्फटिकांतील शिस्त आघातानें मोडलेली असते. तीच मूलद्रव्यें, तेंच प्रमाण, पण रचना निराळी, म्हणून पदार्थहि निराळा. डाल्टनच्या काळीं न उमगलेला हा तिसरा धडाहि लोणारच्या दगडांत आहे. आघाताचा काळ पूर्वीं सुमारें पन्नास हजार वर्षांचा मानीत. २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या कालगणनेनें तो सुमारें पांच लक्ष सत्तर हजार वर्षांपर्यंत मागें गेला आहे. अशनीनें वाटी कोरून दिली. तिच्यांत खार भरला तो मात्र पावसानें.

आतां लोणारच्या व्यापाराकडे येऊं, कारण रसायनशास्त्राच्या याच इतिहासानें तो बुडविला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सला कांच व साबण यांसाठीं खाराची फार टंचाई भासूं लागली. मिठापासून खार करण्याची कृति १७९१ सालीं निकोलास लब्लांक यानें सिद्ध केली. राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्याचा कारखाना सरकारजमा झाला, आणि दारिद्र्यानें गांजून १८०६ सालीं त्यानें आत्महत्या केली. पुढें त्याच कृतीवर इंग्लंडांत मोठमोठे कारखाने उभे राहिले. १८६१ सालीं बेल्जमचा अर्नेस्ट सॉल्व्हे यानें अमोनियाच्या साह्यानें अधिक स्वस्त कृति शोधून काढली. या कृतीचा जमाखर्च मांडला तर घातलेला माल मीठ व चुनखडी, आणि निघालेला माल खार व क्लोरीनयुक्त चुना. म्हणजे मिसरच्या वाळवंटांत बेर्तोलेस जें घडलेलें दिसलें, तेंच सॉल्व्हेनें अमोनियाची मध्यस्थी घालून कारखान्यांत घडवून आणिलें. आपल्या देशांत १९३९ सालीं स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सनें काठेवाडच्या टोकास मिठापूर येथें समुद्राच्या मिठापासून सोडा करण्याचा उद्योग उभारला तोहि याच वाटेनें.

या कारखान्यांतील खार शुद्ध, एकसारखा आणि स्वस्त. लोणारचा खार मातीनें मळलेला, वर्षागणिक कमीजास्त होणारा, आणि रेल्वेपासून दूर पडलेला. त्याचा टिकाव लागणें शक्यच नव्हतें. विसाव्या शतकांत तो व्यापार खुंटत गेला आणि अखेर संपला. त्याबरोबर दल्ला, खुप्पल हीं नांवेंहि लोकांच्या तोंडांतून जुन्या गॅझेटियरांच्या पानांत गेलीं. आजच्या पापडखाराच्या डब्यांत जें असतें तें बहुधा कारखान्यांतलें. रसायनदृष्ट्या त्यांत तिळमात्र न्यून नाहीं. सोडियम तोच, कर्ब तोच, प्रमाण तेंच. संयुगास आपल्या जन्मगांवाची आठवण नसते. आठवण ठेवावयाची ती माणसानें.

व्यापार गेला तरी सरोवर आहे, आणि त्याचें मोल आतां निराळ्या रीतीनें मोजलें जातें. १९७९ सालीं त्यास राष्ट्रीय भूवारशाचें स्थान म्हणून मान्यता मिळाली. २००० सालीं भोंवतालचा प्रदेश अभयारण्य ठरला. २०२० सालीं रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची गणना झाली. त्याच वर्षाच्या जूनमध्यें एक चमत्कार घडला. सरोवराचें हिरवट पाणी एकाएकीं गुलाबी झालें! लोकांनीं नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासून सांगितलें कीं हा रंग मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा आहे. पाणी आटून खारटपणा वाढला, त्यांना अनुकूल वेळ आली आणि ते वाढले. पुढें पाऊस पडला, व रंग ओसरला. जीव तेच, पाणी तेंच, फक्त प्रमाण बदललें. बेर्तोले त्या दिवशीं लोणारास असता तर त्यास नवल वाटलें नसतें.

पण या घटनेंत एक इशारा आहे, आणि तो गंभीर आहे. लोणारचा खार ही कांहीं तिजोरींत ठेवलेली ठेव नव्हे. येणारें पाणी व उन्हानें जाणारें पाणी यांच्या तोलावर ती उभी आहे. वरच्या गांवांतील सांडपाणी वाटींत उतरूं लागलें, कांठावरच्या शेतांतील खतें वाहून आलीं, गोड पाण्याचा ओघ नेहमींपेक्षां वाढला, तर तोल ढळतो. अशी चिंता अभ्यासकांनीं वेळोवेळीं व्यक्त केली आहे, आणि न्यायालयांसहि या प्रश्नांत लक्ष घालावें लागलें आहे. या पाण्याचा पी-एच मान दहाच्या आसपास मोजला गेला आहे. अशा पाण्यांत आपल्या नेहमींच्या तळ्यांतील जीव राहूं शकत नाहींत, आणि जे राहतात ते इतरत्र सहसा सांपडत नाहींत. सोडियमचें व कर्बाचें आकर्षण कितीहि बलवान् असो, परिस्थिति पालटली तर तें सरोवरास वांचविणार नाहीं. आकर्षण एकटें निकाल देत नाहीं, हा तर या साऱ्या इतिहासाचा पहिलाच धडा. कुंपण घालून दगड राखतां येतो, पण तोल राखावयाचा तर गांवाच्या गटाराकडे व शेताच्या बांधाकडेहि पाहावें लागतें.

मिसरच्या तळ्याकांठीं एक मनुष्य थबकला व त्यानें विचारलें, हें उलट कसें घडलें? त्या प्रश्नानें शास्त्रास नवी दिशा दिली. लोणारच्या कांठीं शतकानुशतकें मजूर, व्यापारी, यात्रेकरू व कारकून आले. खाराचीं पांच नांवें पाडण्याइतकी सूक्ष्म दृष्टि त्यांतील कष्टकऱ्यांपाशीं होती, कर आकारण्याइतकें व्यवहारज्ञान दरबारापाशीं होतें, आणि दैत्यकथा रचण्याइतकी प्रतिभा पुराणिकांपाशीं होती. पण हे तिघे एका ठिकाणीं बसून कधीं बोलले नाहींत. ज्याच्या हातास अनुभव होता त्याच्या हातीं लेखणी नव्हती, आणि ज्याच्या हातीं लेखणी होती तो चिखलांत उतरत नव्हता. मूलद्रव्यें नुसतीं शेजारीं ठेवून संयुग होत नाहीं. त्यांस जुळण्याजोगी परिस्थिति लागते. तोच नियम मनुष्यांच्या ज्ञानासहि लागू आहे.

पुढच्या वेळीं कोणी वाचक लोणारास गेला, तर धारेचें गोड पाणी ओंजळींत घेऊन मग खालीं उतरावें व सरोवराच्या कांठीं जिभेच्या टोकास एक थेंब लावावा. वरून खालीं येण्यास अर्धा तास लागतो. या दोन थेंबांमधील अंतर तुटण्यास मात्र लक्षावधि वर्षें लागलीं. तें राखणें आतां आपल्या हातीं आहे.